रक्त कुठे किती जायचं, हे कोण ठरवतं?

रक्त तपासायला गेलं की लॅबमधला माणूस दंडाला रबरी पट्टा आवळतो, "मूठ घट्ट धरा" म्हणतो आणि कोपराच्या आतल्या बाजूला बोटाने चाचपत शीर शोधतो. शीरच का? कारण ती त्वचेच्या लगेच खाली असते, तिची भिंत पातळ असते आणि आतल्या रक्ताला दाब फारसा नसतो. सुई काढल्यावर कापसाचा बोळा थोडा वेळ दाबला की भागतं. धमनी त्या मानाने खोल असते, भिंतीने जाड असते आणि तिच्यातलं रक्त दाबाखाली असतं. आयसीयूमधल्या रुग्णाच्या रक्तात प्राणवायू किती आहे हे बघायचं असेल तर मनगटातल्या धमनीतूनच रक्त घ्यावं लागतं. ते जास्त दुखतं, आणि नंतर ती जागा चांगली पाचेक मिनिटं दाबून धरावी लागते.

तो पट्टा किती आवळायचा यालाही हिशोब आहे. फार आवळला तर धमनीही बंद होईल आणि हातात रक्त येणारच नाही. बेताचा आवळला की फक्त शिरा दबतात. रक्त हातात येत राहतं, पण परत जाऊ शकत नाही, म्हणून शिरा टरारून फुगतात. फुगतात त्याही पट्ट्याच्या खालच्या बाजूला, बोटांकडे. वरच्या बाजूला नाही. आज कुणी त्याकडे लक्षही देत नाही, पण विल्यम हार्वी या इंग्रज डॉक्टरने १६२८ साली रक्त शरीरात गोल फिरतं हे सिद्ध केलं, तेव्हा त्याच्या मुख्य पुराव्यांपैकी एक हाच होता.

त्याआधी सुमारे चौदाशे वर्षं युरोपात गेलन या प्राचीन ग्रीक वैद्याचं म्हणणं प्रमाण मानलं जाई. अन्नापासून यकृतात रक्त तयार होतं, शिरांमधून ते सगळ्या अवयवांकडे जातं आणि तिथेच खर्ची पडतं, असं तो सांगत असे. हार्वीने साधा गुणाकार केला. हृदय एका ठोक्याला किती रक्त पुढे ढकलतं आणि अर्ध्या तासात ठोके किती पडतात? त्याने मुद्दाम कमीत कमी आकडे धरले, तरी उत्तर सगळ्या शरीरातल्या रक्ताहून जास्त आलं. एवढं रक्त दर अर्ध्या तासाला नवं तयार होणं शक्यच नाही, तेव्हा तेच रक्त पुन्हा पुन्हा येत असणार. आजचे आकडे घेतले तर स्वस्थ बसलेल्या मोठ्या माणसाचं हृदय मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त पुढे ढकलतं, आणि अंगात एकूण रक्तही जवळपास तेवढंच असतं. म्हणजे सरासरीने मिनिटाभरात एक फेरी.

हार्वीचा दुसरा पुरावा तुम्ही आत्ता स्वतःच्या हातावर बघू शकता. डावा हात थोडा वेळ खाली लोंबता सोडा, म्हणजे शिरा वर येतील. मनगटाच्या वर एखादी सरळ, लांबट शीर निवडा. तिच्यावर मध्ये मध्ये बारीक गाठीसारखा फुगवटा दिसेल. ती झडपेची जागा. आता एका बोटाने शीर खालच्या बाजूला, म्हणजे पंजाकडे, दाबून धरा. दुसऱ्या बोटाने तिथपासून कोपराच्या दिशेने रक्त पुढे सारत न्या, तो फुगवटा ओलांडा आणि हे दुसरं बोट उचला. शीर सपाट झालेली दिसेल, आणि सपाटच राहील. वर रक्त आहे, पण झडप ते खाली उतरू देत नाही. मग खालचं बोट उचला. शीर खालून वर झटकन भरते. वयस्कर, सडपातळ माणसाच्या हातावर हे फार स्पष्ट दिसतं.

या झडपा हार्वीने शोधल्या नव्हत्या. इटलीतल्या पादुआ विद्यापीठातल्या त्याच्या गुरूने, फाब्रिशियसने, त्यांच्यावर १६०३ मध्ये पुस्तकच लिहिलं होतं. पण रक्त हातापायांत साचू नये म्हणून त्या त्याचा वेग कमी करतात, अशी फाब्रिशियसची समजूत होती. त्या एकाच दिशेला उघडतात आणि ती दिशा हृदयाची आहे, याचा अर्थ हार्वीने लावला. एक दुवा मात्र त्याला दिसला नाही. धमन्यांतलं रक्त शिरांमध्ये जातं कुठून? साध्या डोळ्यांना तो रस्ता दिसत नाही. १६६१ मध्ये मार्चेल्लो माल्पिघी या इटालियन डॉक्टरने बेडकाचं फुप्फुस सूक्ष्मदर्शकाखाली धरलं आणि त्याला केशवाहिन्या, म्हणजे धमन्या आणि शिरा जोडणाऱ्या अतिशय बारीक वाहिन्या, दिसल्या. हार्वी त्याच्या चार वर्षं आधी वारला होता.

एवढ्यावर शाळेतली आकृती पुरी होते. लाल धमन्या, निळ्या शिरा, मधोमध हृदय. या आकृतीमुळे एक गैरसमज मनात पक्का बसतो आणि तो जन्मभर जात नाही: रक्तवाहिन्या म्हणजे पाईप, जोर सगळा पंपाचा. हृदय जोर लावतं हे खरंच. पण ते रक्त कोणत्या अवयवाला किती मिळायचं, हे हृदय ठरवत नाही. ते रक्तवाहिन्यांच्या भिंती ठरवतात. या भिंती जिवंत असतात. त्या ताणतात, आवळतात, सैल होतात, रक्तातल्या बदलांचा अंदाज घेतात आणि स्वतः रसायनं सोडतात. बीपी, हार्ट अटॅक, पायांवरची सूज, फुगलेल्या शिरा हे सगळं नीट समजायला पंपापेक्षा भिंत आधी समजून घ्यावी लागते.

महाधमनीपासून सुरुवात करू. ती हृदयातून निघते तिथे साधारण अडीच सेंटिमीटर रुंद असते आणि तिच्या भिंतीत इलॅस्टिन नावाचं लवचीक प्रथिन भरपूर असतं. स्वस्थ असताना हृदय प्रत्येक ठोक्याच्या वेळातला जेमतेम तिसरा हिस्सा आकुंचन पावतं, उरलेला वेळ ते सैल पडून पुन्हा भरत असतं. त्या उरलेल्या वेळात रक्त थांबत का नाही? हृदयाने रक्त ढकललं की महाधमनी ताणली जाते, आणि हृदय सैल पडलं की ती मूळ आकाराला येताना रक्त पुढे सारत राहते. बीपीचा वरचा आकडा हृदयाच्या जोराच्या वेळचा, खालचा या मधल्या वेळचा. खुद्द हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या धमन्याही मुख्यतः याच मधल्या वेळात भरतात, कारण आकुंचन चालू असताना त्या स्नायूतच चिमटलेल्या असतात.

मनगटावर बोट ठेवून नाडी बघतो तेव्हा बोटाला लागते ती भिंतीतून धावत आलेली लाट. ती सेकंदाला कित्येक मीटर जाते. रक्त स्वतः इतकं वेगाने जात नाही, महाधमनीतसुद्धा त्याचा सरासरी वेग सेकंदाला वीसेक सेंटिमीटर असतो. वय वाढलं की इलॅस्टिन झिजतं, भिंत कडक होते आणि लाट आणखी वेगाने जाते. म्हणूनच आजी-आजोबांचं बीपी बऱ्याचदा "वरचं १६०, खालचं ७५" असं निघतं. भिंत ताणून घेत नाही म्हणून वरचा आकडा चढतो, आणि मधल्या वेळात रक्त पुढे ढकलायला तिच्यात ताण उरत नाही म्हणून खालचा उतरतो. "खालचं बरोबर आहे ना, मग काही नाही" असं घरोघरी ऐकू येतं. ते बरोबर नाही. वरचा एकटाच वाढलेला असला तरी त्यावर उपचार लागतात.

महाधमनीला फाटे फुटत फुटत शेवटी मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून बारीक धमन्या होतात. यांना धमनिका म्हणतात. माझ्या मते सगळ्या रक्ताभिसरणात समजून घेण्यासारखी जागा हीच, आणि पाठ्यपुस्तकं तिला दोन ओळींत उरकतात. धमनिकेच्या भिंतीभोवती स्नायूंच्या पेशींचं वेटोळं असतं. हा स्नायू आपल्या इच्छेने हलत नाही. तो आवळला की वाहिनी बारीक होते, सैल पडला की रुंद.

थोडंसं बारीक-रुंद झाल्याने असा काय फरक पडतो? फार मोठा. पॉइझेय या फ्रेंच डॉक्टरने एकोणिसाव्या शतकात बारीक काचेच्या नळ्यांमधून द्रव सोडून मोजमाप केलं. दाब तोच ठेवला तर वाहणाऱ्या द्रवाचं प्रमाण नळीच्या त्रिज्येच्या चौथ्या घातानुसार बदलतं, असं त्याला आढळलं. आकड्यांत सांगायचं तर वाहिनीची रुंदी निम्मी झाली की प्रवाह निम्मा होत नाही, सोळावा हिस्सा उरतो. रुंदी फक्त २० टक्क्यांनी घटली तरी प्रवाह निम्म्याहून खाली जातो. रक्त पाण्यासारखं सरळ वागत नाही, त्यामुळे शरीरात हे गणित काटेकोर बसत नाही, पण ढोबळमानाने लागू पडतं. स्नायूच्या बारीकशा हालचालीने एखाद्या अवयवाचा पुरवठा कित्येक पट वाढतो किंवा घटतो तो यामुळे.

स्वस्थ बसलेलं असताना अंगातल्या सगळ्या हाडांवरच्या स्नायूंना मिळून मिनिटाला साधारण लिटरभर रक्त पुरतं. तोच माणूस जिवाच्या आकांताने धावू लागला की हे प्रमाण पंधरा-वीस पटींवर जाऊ शकतं. काम करणारा स्नायू कार्बन डायऑक्साइड, आम्ल आणि इतर पदार्थ बाहेर टाकतो, त्यामुळे तिथल्या धमनिका जागच्या जागी सैल पडतात. मेंदूच्या हुकमाची वाट बघावी लागत नाही. त्याच वेळी मज्जातंतूंकडून निरोप जातो आणि आतड्यांकडच्या, मूत्रपिंडांकडच्या धमनिका आवळल्या जातात. थंडीत बोटं पांढरी पडतात, ऊन लागलं की चेहरा लाल होतो, तेही त्वचेतल्या धमनिकांचंच काम.

मेंदूचं तंत्र वेगळं. शरीराच्या वजनात त्याचा वाटा २ टक्के, पण स्वस्थ असताना हृदयाकडून येणारं सुमारे १५ टक्के रक्त तो घेतो. बीपी थोडं वरखाली झालं तरी त्याच्या धमनिका स्वतः आवळून किंवा सैल पडून पुरवठा जवळजवळ सारखा ठेवतात. फुप्फुसांत तर सगळं उलट चालतं. इतर ठिकाणी प्राणवायू कमी पडला की वाहिन्या रुंदावतात, फुप्फुसात मात्र आवळतात. ज्या भागात हवाच पोचत नाही तिथे रक्त पाठवून काय उपयोग! हीच चांगली सोय हिमालयात खूप उंचावर घाईने चढलेल्या ट्रेकरच्या अंगलट येऊ शकते. तिथे सगळ्या फुप्फुसातच प्राणवायू कमी असतो, वाहिन्या जिकडेतिकडे आणि कमी-जास्त प्रमाणात आवळल्या जातात, आतला दाब वाढतो आणि फुप्फुसात पाणी उतरू शकतं.

बीपी वाढणं म्हणजे बहुतेक वेळा या धमनिका जास्त आवळलेल्या राहणं. ॲम्लोडिपिन ही घराघरांत पोचलेली गोळी त्यांच्या स्नायूत कॅल्शियम शिरू देत नाही, त्यामुळे तो सैल पडतो आणि दाब उतरतो. काही जणांच्या घोट्यांवर या गोळीने सूज येते. त्याचं कारण मूत्रपिंड खराब होणं हे नव्हे. धमनिका उघडल्यामुळे पुढच्या केशवाहिन्यांवर जास्त दाब येतो आणि त्यांतून पाणी बाहेर झिरपतं. अशी सूज दिसली तर डॉक्टरांना सांगा, ते गोळी बदलून देतात. शेजाऱ्याच्या सांगण्यावरून गोळी बंद करणं मात्र धोक्याचं आहे.

आता केशवाहिन्या. यांची रुंदी मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत मोजतात, असे साधारण ५ ते १० भाग. लाल पेशी स्वतःच ७-८ भाग रुंद असते, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी तिला दुमडून, एकामागे एक असंच पुढे जावं लागतं. भिंत एकाच पेशीच्या जाडीची, स्नायू अजिबात नाही. प्राणवायू, साखर, पाणी, कार्बन डायऑक्साइड यांची खरी देवाणघेवाण इथेच होते. बाकी सगळ्या वाहिन्या रक्त इथवर आणायला आणि इथून न्यायला आहेत. प्रत्येक केशवाहिनी इतकी बारीक असूनही सगळ्यांची मिळून रुंदी महाधमनीच्या कितीतरी शेकडो पट भरते, म्हणून इथे रक्ताचा वेग सेकंदाला मिलिमीटरभर किंवा त्याहूनही कमी होतो. देवाणघेवाणीला सेकंदभराचा अवधी मिळतो, आणि तेवढा पुरतो.

ही भिंत सगळीकडे सारखी नसते. मेंदूत पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात की बरीच औषधंही आत जाऊ शकत नाहीत. मूत्रपिंडात तिला बारीक छिद्रं असतात आणि दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव त्यांतून गाळला जातो, त्यातला बहुतेक परत शोषला जातो. यकृतात तर चांगल्या मोठ्या फटी असतात. डोळ्याच्या बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात केशवाहिन्याच नाहीत, म्हणून तर तो पारदर्शक राहतो.

सगळ्या रक्तवाहिन्या एकापुढे एक जोडल्या तर लांबी एक लाख किलोमीटर भरेल, हे वाक्य तुम्ही कुठे ना कुठे वाचलं असेलच. त्याचं मूळ डेन्मार्कच्या ऑगस्ट क्रोग यांच्या हिशोबात आहे. केशवाहिन्यांवरच्या कामासाठी त्यांना १९२० चं नोबेल मिळालं. पुढे १९२२ मध्ये त्यांनी माणसाच्या अंगात ५० किलो स्नायू धरले, त्यात केशवाहिन्या फार दाट धरल्या आणि हा आकडा काढला. पण ५० किलो स्नायू सर्वसाधारण माणसाच्या अंगात नसतात, केशवाहिन्याही इतक्या दाट नसतात. अलीकडच्या हिशोबात हा आकडा ९ हजार ते १९ हजार किलोमीटरच्या दरम्यान येतो. तोही थक्क करणाराच आहे, तेव्हा फुगवलेला आकडा मिरवायची गरज नाही.

केशवाहिन्यांतून रक्त शिरांमध्ये येतं तेव्हा दाब जवळजवळ संपलेला असतो. शिरांची भिंत पातळ आणि ढिली असते, त्यामुळे त्यांत खूप रक्त मावतं. कोणत्याही क्षणी अंगातलं सुमारे दोन तृतीयांश रक्त शिरांमध्ये असतं. रक्तदानात ३५० मिलिलिटर रक्त गेलं तरी आपण चालत घरी जातो, कारण शिरा जराशा आवळल्या जातात आणि हृदयाकडे पुरेसं रक्त जात राहतं. शिरांतलं रक्त निळं मात्र नसतं, गडद लाल असतं. त्वचेतून प्रकाश ज्या तऱ्हेने परततो त्यामुळे शीर निळसर दिसते, एवढंच.

पायांतून रक्त वर चढवायचं काम खरं करते ती पोटरी. स्तब्ध उभं राहिलं की पावलाजवळच्या शिरेतला दाब पाऱ्याच्या सुमारे ९० मिलिमीटरपर्यंत जातो. चालायला लागलं की पोटरीचे स्नायू खोल शिरांना पिळतात, झडपा रक्त परत खाली येऊ देत नाहीत आणि हाच दाब ३० च्या आसपास उतरतो. झडपा निकामी झाल्या की रक्त खाली साचतं, वरच्या शिरा फुगून वेड्यावाकड्या होतात. याच व्हेरिकोज व्हेन्स. सलूनमध्ये, दुकानात, वर्गात, पहाऱ्यावर दिवस दिवस उभं राहणाऱ्यांना त्याचा त्रास जास्त होतो. अशांना "विश्रांती घ्या" एवढं सांगून भागत नाही. उभ्या उभ्या टाचा वरखाली करणं, मध्ये चार पावलं चालणं, घरी पाय उंचावर ठेवून पडणं याने फरक पडतो. दगदग झाली म्हणून अंगावर काढू नये अशी गोष्ट वेगळी: एकच पोटरी अचानक सुजली, दुखू लागली, गरम लागली तर खोल शिरेत गुठळी झालेली असू शकते. ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतू शकतं. त्याच दिवशी दाखवायला हवं.

सगळ्या वाहिन्यांना आतून एका पेशीच्या जाडीचं अस्तर असतं, एंडोथेलियम. बरीच वर्षं त्याला नुसतं गुळगुळीत अस्तर मानत. १९८० मध्ये रॉबर्ट फर्चगॉट या अमेरिकन शास्त्रज्ञाने दाखवलं की सशाच्या महाधमनीच्या तुकड्यावर ॲसिटिलकोलीन हे रसायन टाकलं की तो सैल पडतो, पण आतलं अस्तर खरवडून काढलेलं असेल तर पडत नाही. म्हणजे स्नायूला सैल पडायचा निरोप अस्तर देत होतं. तो निरोप नायट्रिक ऑक्साइड या वायूचा असतो, हे पुढे निघालं. या कामाला १९९८ चं नोबेल मिळालं. छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी शरीरात तोच वायू देते. त्याच कुळातलं नायट्रोग्लिसरीन वापरून आल्फ्रेड नोबेल यांनी डायनामाइट बनवलं होतं, आणि आयुष्याच्या शेवटी डॉक्टरांनी त्यांना हृदयविकारावर औषध म्हणून लिहून दिलं तेही नायट्रोग्लिसरीनच.

हे अस्तर धडधाकट असेल तर रक्त त्यावर गोठत नाही. तंबाखूचा धूर, वाढलेली शुगर, चढलेलं बीपी यांनी ते दुखावतं. मग वाईट कोलेस्टेरॉल अस्तराखाली शिरतं, ते गिळायला पांढऱ्या पेशी येतात, तिथेच अडकून फुगतात, आणि भिंतीच्या आत चरबीचा थर वाढत जातो. "ब्लॉकेज" म्हणताना आपल्या डोळ्यांपुढे पाईपात अडकलेला कचरा येतो. प्रत्यक्षात ही भिंतीतली सूज आहे. अँजिओग्राफीत ७० टक्के, ९० टक्के असे आकडे येतात आणि घरातले त्यावरच बोलत राहतात. पण कित्येक हार्ट अटॅक ५० टक्क्यांहून कमी अडलेल्या जागी येतात. थरावरचं पातळ आवरण फाटतं, तिथे मिनिटांत गुठळी होते आणि धमनी बंद पडते. आदल्या आठवड्यात जिने चढताना काहीही न झालेला माणूस अचानक कोसळतो तो यामुळे. स्टेंट, म्हणजे धमनीत बसवायची जाळीदार नळी, एका जागची वाट मोकळी करतो. बाकी सगळी भिंत आधी होती तशीच असते, म्हणून स्टेंटनंतरही गोळ्या चालू ठेवाव्या लागतात आणि सिगारेट सुटावीच लागते.

बायपासमध्ये, म्हणजे अडलेली जागा टाळून रक्ताला दुसरी वाट करून देणाऱ्या ऑपरेशनमध्ये, पायाची लांब शीर काढून हृदयावर जोडतात. जोडताना सर्जन ती उलटी फिरवून लावतात, कारण सरळ लावली तर आतल्या झडपा रक्त अडवतील. शिरेला आयुष्यभर कमी दाबाची सवय असते. आता तिला धमनीचा दाब सोसावा लागतो. तिची भिंत जाड होऊ लागते, पुढे त्या जाड भिंतीतही चरबीचे थर बसतात, आणि दहा वर्षांत अशा जोडलेल्या शिरांपैकी साधारण निम्म्या बंद पडतात. छातीच्या भिंतीच्या आतल्या बाजूची धमनी जोडली तर दहा वर्षांनी दहातल्या नऊ चालू असतात. म्हणून सर्जन हृदयाच्या पुढच्या बाजूच्या मुख्य धमनीला बहुधा हीच जोडतात आणि पायाची शीर बाकीच्या जागांसाठी ठेवतात.